गोड खाऊं, गोड बोलूं

पौष महिना लागला कीं आमच्या घरांत भाजलेल्या तिळाचा वास दरवळूं लागतो, आणि या सदरासाठीं काय लिहावें या विवंचनेंत बसलेल्या लेखकास त्या वासानेंच विषय सुचतो. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' हा उपदेश केवळ आपल्या बाजूचा, अशी माझी पुष्कळ वर्षें समजूत होती. शाळेंत पस्तीस वर्षें शिकवितांना मीं मुलांना तसें सांगितलेंही असेल. ती समजूत सन २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यांत इस्तंबूल शहरीं एका मिठाईच्या दुकानांत नाहींशी झाली. दुकानांतील वृद्ध गृहस्थानें मिठाईचा एक तुकडा माझ्यापुढें धरला आणि हंसत म्हटलें, "तात्ली यियेलिम, तात्ली कोनुशालिम." माझ्या पुतण्यानें अर्थ सांगितला, "काका, ते म्हणताहेत, गोड खाऊं, गोड बोलूं. इकडची जुनी म्हण आहे ही."

माझ्या थोरल्या बंधूंचा हा चिरंजीव नोकरीनिमित्त तिकडे असतो. त्याच्या आग्रहावरून मी व सौ. असे बारा दिवस त्या देशीं राहून आलों. आम्ही ज्यास तुर्कस्थान म्हणतों त्यास सन २०२२ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या दप्तरीं 'तुर्किये' असें नांव आहे. पण जुन्या माणसाच्या तोंडीं जुनेंच नांव बसतें, तें वाचक चालवून घेतील. त्या देशींच्या मशिदी, राजवाडे व समुद्र यांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. मी आज केवळ तेथील गोड पदार्थांविषयीं लिहिणार आहें. त्यांतच माझ्या हातून घडलेली एक चूक मला सांगावयाची आहे. ती घरांत तीन महिने सांगितली नव्हती.

तुर्की मिठाईच्या दुकानांत शिरलेला मराठी मनुष्य प्रथम शब्दांनींच सुखावतो. हेलवा म्हणजे आपला हलवा, गुल म्हणजे गुलाब, फस्तक म्हणजे पिस्ता, शेकेर म्हणजे साखर. अरबी व फारशी शब्दांचा जो ओघ आपल्याकडे आला, त्याचाच दुसरा फांटा तिकडे गेला आहे. परंतु शब्द ओळखीचा निघाला म्हणून वस्तूही ओळखीचीच निघेल असा नियम नाहीं. तेथें मिठाईवर ओतावयाच्या पाकासही 'शेरबेत' म्हणतात. आपण सरबत म्हणून तो पिऊं लागलों तर फजिती व्हावयाची. 'शेकेरपारे' हें नांव ऐकून सौ. नें शंकरपाळ्यांची अपेक्षा केली, आणि ती रास्तच होती. कारण आपला शंकरपाळा हा मूळच्या फारशी 'शकरपारा' या शब्दाचेंच मराठी रूप होय. पुढें आली ती पाकांत मुरलेली मऊ, वाटोळी वडी, आणि चौकशी करतां तिच्यांत अंडें असल्याचें कळलें. उलटपक्षीं कांहीं पदार्थांचीं नांवें सर्वस्वी परकीं, पण पहिला घांस घेतांच आपल्या स्वयंपाकघराची आठवण व्हावी असे. शब्द तोच पण वस्तु निराळी, आणि वस्तु तीच पण शब्द निराळा, या दोन कोटी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. पुढील सर्व हकीकत त्यांच्याच आधारें सांगावयाची आहे.

प्रारंभ लोकुमपासून करूं. इंग्रजी पुस्तकांतून 'टर्किश डिलाइट' म्हणून जें आपण वाचतों तें हें. याचें मूळ अरबी नांव 'राहत-उल्-हुल्कूम', म्हणजे कंठाला आराम देणारें. तोंडांत घोळतां घोळतां त्याचें लोकुम झालें. साखर, पाणी व धान्याचें सत्त्व हीं कढईंत मंद आंचेवर दीड-दोन तास सतत ढवळीत आटवावयाचीं, साखर पुनः दाणेदार होऊं नये म्हणून किंचित् आंबट द्रव्य घालावयाचें, गुलाबपाणी किंवा पिस्ते मिसळावयाचे, आणि परातींत थापून दुसऱ्या दिवशीं वड्या पाडून पिठीसाखरेंत घोळावयाच्या, अशी त्याची कृति. आपल्याकडील कॉर्नफ्लॉवरचा मुंबई हलवा ज्यांनीं घरीं केला आहे त्या भगिनींस ही कृति वाचून हात दुखल्याचा भास होईल! कास्तामोनूहून आलेल्या हाजी बेकिर यांनीं सन १७७७ मध्यें इस्तंबूलच्या बाहचेकापी भागांत काढलेलें दुकान आजही चालू आहे. पारंपरिक लोकुमांत जिलेटिन नसतें, अंडें नसतें, दूधही नसतें. त्यामुळें शाकाहारी मनुष्यास तें निर्धास्तपणें खातां येतें, आणि प्रवासांत पुष्कळ दिवस टिकतेंही.

तेथून जवळच तोपकापी राजवाडा आहे. उस्मानी सुलतानांचें हें निवासस्थान सन १९२४ पासून संग्रहालय झालें आहे. त्याच्या दुसऱ्या चौकांत उजव्या हातास उंच धुराड्यांची एक रांग दिसते, तें सुलतानाचें स्वयंपाकघर. सन १५७४ च्या आगीनंतर सिनान नांवाच्या विख्यात स्थपतीनें तें पुनः उभारलें. त्यांत मिठाईसाठीं 'हेलवाहाने' म्हणून स्वतंत्र विभाग असे, आणि तेथेंच औषधी पाक व अवलेहही सिद्ध होत. मिठाई व औषध एकाच चुलीवर, हें वाचून च्यवनप्राशाच्या देशांतील मनुष्यास आश्चर्य वाटूं नये. रमझानच्या पंधराव्या दिवशीं येथून 'येनिचेरी' नामक शिपायांना बाकलाव्याचीं तबकें वांटीत. दर दहा शिपायांमागें एक तबक, आणि तें वाजतगाजत बराकींत न्यावयाचें, असा प्रघात होता. सन १८२६ मध्यें सुलतानानें ती फौजच मोडून टाकली आणि ती मिरवणूकही संपली.

आतां दुधाचे पदार्थ. यांचीं इस्तंबूलमध्यें निराळीं दुकानें असतात. 'सुतलाच' म्हणजे तांदळाची खीर. ती मातीच्या वाटींत घालून भट्टींत ठेवतात व वरची साय करपल्यासारखी तांबूस होऊं देतात. काळ्या समुद्राकडील त्राबझोन प्रांतांतील हामसिकॉय हें गांव या खिरीसाठीं प्रसिद्ध आहे. 'मुहल्लेबी' म्हणजे तांदळाच्या पिठाची घट्ट खीर. 'गुल्लाच' हा खास रमझानचा पदार्थ. सत्त्वाच्या कागदाएवढ्या पातळ, कोरड्या पोळ्या गोड दुधांत भिजवून त्यांचे थर लावतात, मध्यें अक्रोड घालतात, गुलाबपाणी शिंपडतात व वर डाळिंबाचे दाणे पसरतात. 'कझानदिबी' या नांवाचा अर्थच 'कढईचा तळ' असा आहे. दुधाचा लगदा मुद्दाम तळाशीं लागूं देऊन, ती करपट बाजू वर येईल अशी गुंडाळी करून वाढतात. दूध तापविलेल्या पातेल्याची खरवड खाण्यासाठीं ज्या घरांत मुलांची भांडणें होतात, तेथें याचें अधिक वर्णन करण्याची गरज नाहीं.

अशाच एका दुकानांत आम्ही उभयतां बसलों होतों. पुतण्या कचेरींत गेला होता. निघण्यापूर्वीं दोन महिने मीं एका पुस्तकावरून थोडें तुर्की शिकून घेतलें होतें आणि त्याचा मला, खरें सांगावयाचें तर, अभिमान होता. 'वार' म्हणजे आहे, 'योक' म्हणजे नाहीं, 'एत' म्हणजे मांस, एवढ्या भांडवलावर मी वाढप्यास ऐटींत विचारलें, "एत योक?" त्यानें प्रामाणिकपणें मान हलवून सांगितलें, "एत योक." दोन वाट्या आल्या. पांढरीशुभ्र, घट्ट खीर, वर दालचिनीची पूड. सौ. नें चमच्यानें थोडी उचलून पाहिली व चमचा खालीं ठेवला. "हें नुसतें दूध नाहीं," ती म्हणाली, "यांत धागा आहे. दुधाला असा धागा सुटत नाहीं." मी हंसलों. "तांदूळ निराळ्या जातीचा असेल," असें मीं सांगितलें, मुहल्लेबीची व्युत्पत्तीही सांगितली, आणि माझी वाटी संपवून तिचीही अर्धी संपविली. चव सुरेख होती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

संध्याकाळीं पुतण्यास वर्णन करून सांगतांच त्याचा चेहरा उतरला. तो पदार्थ म्हणजे 'तावुक-गोसू'. 'तावुक' म्हणजे कोंबडी, 'गोसू' म्हणजे तिची छाती. तें मांस उकडून, तंतू तंतू सोडवून, वास जाईपर्यंत धुवून दूध, साखर व तांदळाचें पीठ यांत शिजवितात. उस्मानी पाकशाळेंतील ही नामांकित खीर आहे. मग वाढपी खोटें बोलला काय? मुळींच नाहीं. तेथें व्यवहारांत 'एत' म्हणजे गाईगुरांचें व मेंढराचें मांस. कोंबडी त्यांत धरीत नाहींत. कोशांतला अर्थ मला ठाऊक होता, रूढ अर्थ ठाऊक नव्हता. आयुष्यभर मुलांना रूढीचें बळ व्युत्पत्तीपेक्षां अधिक असतें म्हणून शिकविणारा मास्तर एका वाटीभर खिरींत नापास झाला.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. धर्मशास्त्रांत जाणूनबुजून केलेल्या व अजाणतां घडलेल्या दोषांत मोठा भेद केला आहे, हें मी स्वतःला सांगत होतों. पण मनास तें पुरेसें वाटेना. कां वाटेना, हें मला तेव्हां कळलें नाहीं. सौ. एका शब्दानें बोलली नाहीं. सकाळीं तिनें एवढेंच म्हटलें, "घरीं वहिनींना सांगणार ना?" मीं उत्तर दिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशींची गोष्ट. आमच्या बिऱ्हाडाच्या खालच्या मजल्यावर घरमालकीण बाई राहत. चार वाजण्याच्या सुमारास जिन्यांतून खमंग वास वर येऊं लागला. सौ. खुर्चींत बसली होती, ती उठून उभी राहिली. "रवा भाजताहेत," ती म्हणाली, आणि क्षणभरानें, "लोण्यावर." थोड्या वेळानें एक मुलगी आम्हांस बोलवावयास आली. त्या बाईंच्या यजमानांना जाऊन त्या दिवशीं चाळीस दिवस झाले होते. नातलग स्त्रिया चुलीभोंवतीं उभ्या होत्या, आणि प्रत्येकजण पाळीपाळीनें पातेलें ढवळीत होती. हा 'इर्मिक हेलवासी', म्हणजे रव्याचा हलवा. मनुष्य गेल्यावर घरांत हा करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वांटण्याची तेथें चाल आहे.

आमच्या दादांना जाऊन तेव्हां चौदा महिने झाले होते. वर्षश्राद्ध झालें होतें. पण त्या दिवसापासून आमच्या घरीं सत्यनारायण झाला नव्हता आणि प्रसादाचा शिराही झाला नव्हता. मुलीनें उलथणें सौ. च्या हातीं दिलें. तिनें पदर खोंचला आणि घरच्या पातेल्यांत फिरवावें तसें सराईतपणें तें फिरविलें. त्या घरमालकीण बाईंनीं तिच्या हाताकडे पाहिलें, मग तोंडाकडे पाहिलें आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी दारांतच उभा राहिलों; माझ्या तुर्कीचा तेथें कांहीं उपयोग नव्हता.

एकच पदार्थ आपल्याकडे मंगल कार्याचा आणि त्यांच्याकडे मृताच्या स्मरणाचा, असें प्रथम मनांत आलें; पण नीट विचार करतां तें अर्धेंच खरें. आपणही श्राद्धास खीर करतोंच, आणि सुतक संपल्यावर गोडाचें जेवण करून माणसांना पुनः व्यवहाराला लावतोंच. इझमीरकडे मृताच्या नांवानें रस्त्यावर कढई मांडून 'लोकमा' तळतात व येणाऱ्याजाणाऱ्यांस फुकट वांटतात. पिठाचे गोळे तळून पाकांत टाकलेले असतात, आणि 'लोकमा' या शब्दाचा अर्थच घांस. दुःखांत असलेल्या घरानें इतरांचें तोंड गोड करावें, ही रीत दोहींकडे आहे.

ज्या भगिनींस करून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं सौ. नें टिपून आणलेलें प्रमाण देतों. दोन वाट्या रवा, पाऊण वाटी लोणी, मूठभर चिलगोजे, दीड वाटी साखर, दोन वाट्या दूध व दोन वाट्या पाणी. लोणी पातळ झाल्यावर रवा व चिलगोजे एकदमच घालावे आणि मंद आंचेवर चिलगोजे तांबूस होईपर्यंत परतावें. चिलगोज्यांचा रंग हेंच रवा भाजल्याचें प्रमाण. साखर घातलेलें गरम दूध-पाणी बेतानें ओतावें, कारण तें उसळतें. आटल्यावर उतरवून, झांकणाखालीं स्वच्छ फडकें घालून अर्धा तास तसेंच राहूं द्यावें. वेलदोडा नको, केशर नको.

त्यानंतर आम्ही आग्नेय भागांतील गाझिआंतेप शहरीं गेलों. जुनें नांव आंतेप. युनेस्कोनें सन २०१५ मध्यें पाककलेसाठीं ज्या नगरीचा गौरव केला ती ही. येथील बाकलाव्यास सन २०१३ मध्यें युरोपीय संघानें भौगोलिक नांवाचें संरक्षण दिलें, आणि तो मान मिळविणारा तो पहिला तुर्की पदार्थ. बाकलावा म्हणजे काय, हें मराठी गृहिणीस एका शब्दांत सांगतां येतें: चिरोट्याचा थोरला भाऊ. चिरोट्यांत आपण पोळ्यांना तांदळाच्या पिठीचा व तुपाचा साटा लावतों. तेथें धान्याचें सत्त्व भुरभुरून बारीक लांब लाटण्यानें अनेक पोळ्या एकत्र लाटतात, इतक्या पातळ कीं पलीकडचें दिसावें. तबकांत त्यांचे थर, मध्यें रवा व दूध शिजवून केलेली साय आणि हिरवेगार पिस्ते, वर पुनः थर. हे पिस्ते पूर्ण पिकण्यापूर्वींच काढतात, म्हणून रंग व वास दोन्ही तीव्र. मग कापून, तूप ओतून भट्टींत भाजतात व शेवटीं पाक घालतात. तूप म्हणजे खरोखरच तूप. शेळीमेंढीच्या दुधाचें कढविलेलें लोणी. त्यास 'सादे-या' म्हणतात, म्हणजे साधा स्नेह. उत्तम बाकलाव्याची परीक्षा प्रथम कानानें करावयाची: काट्यानें टोंचतांच कुरकुर आवाज आला पाहिजे. तुकडा उलटा करून, तळाची बाजू टाळूला लागेल असा तोंडांत घालावा, असें तेथील जाणते सांगतात.

मात्र पिठांत कित्येक ठिकाणीं अंडें असतें. इस्तंबूलचा धडा ताजा होता. मी या खेपेस व्याकरण बाजूस ठेवून पदार्थाचें नांव घेऊनच विचारूं लागलों, "युमुर्ता वार म?" म्हणजे अंडें आहे काय? दोन दुकानांनीं 'वार' म्हणून सांगितलें. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलों. तिसऱ्या ठिकाणीं कारागिरानें स्वतः बाहेर येऊन पीठ, पाणी व मीठ यांवर बोट ठेवून दाखविलें. तेथें आम्हीं पोटभर खाल्लें.

'क्युनेफे' हा पदार्थ अंताक्या शहराचा. तापलेल्या फिरत्या तांब्याच्या पत्र्यावर पातळ पीठ धारांनीं सोडून शेवयांसारखे तंतू करतात, त्यांस 'कादाइफ' म्हणतात. त्यांच्या दोन थरांत बिनमिठाचें ताजें चीज घालून, लहान ताटलींत दोन्ही बाजूंनीं खरपूस भाजून, पाक घालून तो कढतच खावयाचा. अंताक्या आम्हीं पाहिलें नाहीं. दिनांक ६ फेब्रुवारी २०२३ रोजीं झालेल्या भूकंपांनीं त्या शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. एकट्या तुर्कस्थानांत पन्नास हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. आंतेपमध्यें ज्यांच्याकडे आम्ही क्युनेफे पाहिली ते गृहस्थ अंताक्याचेच. घर गेलें, दुकान गेलें, माणसेंही गेलीं. ढिगाऱ्यांतून तांब्याचा पत्रा तेवढा त्यांनीं काढून आणला होता. चीज बनवितांना दूध विरजण्यासाठीं वासराच्या जठरांतील द्रव्य वापरतात कीं दुसरें कांहीं, असें पुतण्यानें विचारतां त्यांस सांगतां आलें नाहीं. आम्ही संकोचलों. ते रागावले नाहींत. त्यांनीं चीज न घालतां नुसते पिस्ते भरलेली कादाइफ आमच्यासाठीं केली आणि तिचे पैसे घ्यावयास तयार होईनात.

शेजारचें माराश शहर हें त्याच भूकंपाच्या केंद्राजवळचें. तेथील 'दोंदुर्मा', म्हणजे आइस्क्रीम, इतकें चिवट असतें कीं तें सुरीकाट्यानें खातात. त्यांत शेळीचें दूध व 'सालेप' नांवाची पूड असते. हा सालेप म्हणजे आपल्या वैद्याची सालममिश्री. शब्द व वस्तु दोन्ही एक, असें हें दुर्मीळ उदाहरण. ती रानांतील आमराच्या, म्हणजे ऑर्किडच्या कंदांची पूड होय. एक किलोग्रॅम पुडीसाठीं हजाराहून अधिक कंद उपटावे लागतात, त्यामुळें त्या वनस्पतींस धोका उत्पन्न होऊन तुर्कस्थाननें सालेपच्या निर्यातीस बंदी केली आहे. ही पूड कोणी भेट म्हणून आणावयास सांगितल्यास नम्रपणें नाहीं म्हणावें.

शेवटीं 'आशुरे'. गहूं, हरभरे, पांढरा घेवडा, अंजीर, जर्दाळू, बेदाणे हें सर्व एकत्र शिजविलेली पातळ खीर; वर अक्रोड व डाळिंब. दूध नाहीं, तूप नाहीं. मोहरमच्या दहाव्या दिवसापासून ती मोठ्या हंड्यांत शिजवून शेजारीं वाट्या पाठवितात. हा महिना चांद्र असल्यामुळें दरसाल सुमारें अकरा दिवस अलीकडे येतो; पण कांहीं दुकानांतून ती बारा महिने मिळते. कथा अशी सांगतात कीं, जलप्रलय ओसरल्यावर नूहच्या नौकेंत उरलेलें मूठमूठ धान्य एकत्र करून पहिली आशुरे शिजली. शतपथ ब्राह्मणांतही मनूची नौका उत्तरेच्या पर्वतास लागते, आणि पाणी ओसरतांच मनु तूप, दही इत्यादिकांची आहुति देतो. महापुरांतून वांचलेल्या मनुष्याची दोन्हीकडची पहिली कृति अन्नासंबंधींच आहे, हें मला विशेष वाटलें.

प्रवासास निघणाऱ्यांसाठीं दोनतीन सूचना. 'मांस आहे काय' असें मोघम न विचारतां 'तावुक' (कोंबडी), 'युमुर्ता' (अंडें) असें नांव घेऊन विचारावें. कझानदिबीही मूळची तावुक-गोसूचीच, जरी आज ती पुष्कळ ठिकाणीं निव्वळ दुधाची करतात. म्हणून तिच्याविषयीं अवश्य विचारावें. भट्टींतील सुतलाचमध्यें रंगासाठीं कधीं अंड्याचा बलक असतो. घरीं आणण्यासाठीं लोकुम किंवा कमी पाकाचा 'कुरू', म्हणजे कोरडा, बाकलावा घ्यावा. शीतकपाटांत तो ठेवूं नये, कुरकुरीतपणा जातो.

राहिली घरची गोष्ट. परत आल्यावर वहिनींच्या हातीं लोकुमची पेटी दिली, सर्व हकीकत सांगितली, ती एक वाटी मात्र वगळून. त्या रोज माझें ताट वाढीत आणि रोज मला तो प्रश्न आठवे. परवां तीळ निवडतांना त्या एकट्याच होत्या. मी जवळ जाऊन बसलों आणि सांगून टाकलें. त्यांनीं सूप खालीं ठेवलें, सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "तिनें धागा आहे म्हणून सांगितलें होतें ना, भाऊजी?" मीं होय म्हटलें. "मग कोंबडीचें काय घेऊन बसलांत? तें न कळत झालें. तिनें सांगितलेलें ऐकलें नाहींत, तें कळून केलेंत."

इस्तंबूलच्या त्या रात्रीं मला झोंप कां आली नव्हती, तें तेव्हां उमगलें. आंत जाऊन मीं सौ. ला तें सांगितलें. ती तिळाचा पाक पाहत होती, वर न पाहतां म्हणाली, "आधीं हा पाक झाला कीं नाहीं, तें सांगा." मला गोळीबंद वाटला. तिला वाटला नाहीं. आम्हीं तिचें ऐकलें, आणि यंदाचे लाडू उत्तम वळले.